मागे कोणी बसतं का

"मागे कोणी बसतं का?" मेकॅनिकनं विचारलं आणि तो "नाही" म्हणाला.

झालं ते एवढंच. जन्मभर त्यानं एकाहून एक थापा मारल्या होत्या, पण त्या सगळ्या हातीपायी धड, शेपूटवाल्या, चांगल्या पोसलेल्या थापा होत्या. एक थाप अशी: ही मोटरसायकल एकदा घाटाच्या उतारावर अशी सुटली की तिनं स्वतःच्याच हॉर्नला मागे टाकलं. खाली पोचून त्यानं टपरीवर चहा मागवला, फुंकून फुंकून प्यायला, आणि कप ठेवला तेव्हा कुठे वरून हॉर्न ऐकू आला. पार्सलच्या गोदामात ही गोष्ट त्यानं इतक्यांदा सांगितली होती की काल नोकरीला लागलेली माणसंसुद्धा ती डोळ्यांदेखत घडल्यासारखी पुढच्यांना सांगत. गोदामात त्याला नावानं कोणी हाक मारत नसे. गप्पीदास म्हणत, तोंडावर म्हणत, आणि तोही बिनदिक्कत ओ देई. थाप ऐसपैस असली की तिच्यात कोणाला टोचण्यासारखं काही राहत नाही. ऐकणारा आधीच हात वर करून हसत बसलेला असतो. पण हे "नाही" अगदी आखूड होतं. त्याला ना डोकं ना शेपूट. ते ऐकून कोणी हसलं नाही. मेकॅनिकनं नुसती मान हलवली, कानामागचा खडू काढला आणि चासीच्या मागच्या नळीवर एक पांढरी रेघ ओढली.

"वाटलंच मला," तो म्हणाला. "हे शॉकअप मीच टाकले होते ना तुम्हाला? बघा, टाकले तसेच आहेत. मागे माणूस बसत असता तर ह्या स्प्रिंगा आतापर्यंत नरम पडल्या असत्या. गाडी खोटं बोलत नाही, काका."

ह्यावर हसायला हवं होतं. एरवी त्यानं लगेच एखादी खोटं बोलणारी गाडी उभी केली असती, पेट्रोलचा काटा भरलेला दाखवून मालकाला फसवणारी. पण तो स्प्रिंगांकडे बघत राहिला. टाकल्यापासून त्या दोन स्प्रिंगांवर त्याची बायको आठवड्यातून दोनदा बसत आली होती, घरून उपचार केंद्रात आणि केंद्रातून घरी. आजही सकाळी बसली होती. ह्या घडीला ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, हिरव्या पडद्याआड, एक हात उघडा टाकून पडली असेल, आणि तिचं रक्त नळीतून यंत्रात जाऊन धुतलं जाऊन परत येत असेल. स्प्रिंगांना ह्यातलं काही कळलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ती बसलीच नव्हती.

"कापू ना?" मेकॅनिकनं ग्राइंडरची वायर मोकळी केली. "मागाहून म्हणाल, काय हो, विचारलं नाही."

"परत जोडता येत नाही का?"

"जोडता येतं की. सगळंच जोडता येतं. पण जोडलेल्यावर मी माणूस बसवत नाही."

खरं तर तो फक्त सीटचं फाटलेलं कव्हर बदलायला आला होता. तिला केंद्रात सोडल्यावर दुपारभर करायला काही नसतं; गोदामात जाऊन यायला वेळ पुरत नाही आणि केंद्राच्या बाकावर बसून राहायला जीव पुरत नाही. म्हणून कव्हर. पण गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला एक सीट टांगलेली होती. एकट्याची, तपकिरी चामड्याची, काठानं जाड दोऱ्याची ठसठशीत शिवण, खाली दोन गुटगुटीत स्प्रिंगा. तिच्याखाली भिंतीला टेकून आखूड मडगार्ड, चाकाची पाठ जेमतेम झाकेल एवढं. तुमच्याच मॉडेलसाठी बनवलं होतं, मेकॅनिक म्हणाला. ज्यानं सांगितलं तो न्यायला आलाच नाही. हौस संपली की माणूसच संपला, कळायला मार्ग नाही. बसवून बघू या का, असं त्यानंतर कोण म्हणालं ते आता आठवत नव्हतं. दोघांपैकी कोणीतरी म्हणालं. लग्नाआधी, मिसरूड फुटायच्या सुमाराला, अशी एक गाडी त्याच्या गल्लीतून रोज संध्याकाळी जायची. चालवणारा कधी इकडेतिकडे बघत नसे. त्याच्या पाठीमागे आखूड मडगार्ड आणि त्यामागे सरळ रस्ता, मोकळा, कोणाचंही काही देणं नसलेला. त्या माणसाचं तोंड त्याला कधी दिसलं नव्हतं. पाठच दिसायची. लग्न झाल्यावर हे त्यानं बायकोला सांगितलं होतं, थोडं मीठमसाला लावून, त्या माणसाला डोकंच नव्हतं वगैरे, तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणूनच एकटा फिरत असेल."

ग्राइंडर सुरू झाला. ठिणग्यांचा पिसारा मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि जळलेल्या रंगाचा वास घशात बसला. रेघेवरून पातं उतरत गेलं, आधी किंचाळत, नंतर एकदम हलक्या सुरात, आणि नळीचा वळलेला तुकडा त्याच्या कडीसकट खाली पडला. कडी म्हणजे मागे बसणाऱ्यानं धरायची ती. तिचा चकचकीत मुलामा एका बाजूला पार उडाला होता आणि आतला पिवळट धातू दिसत होता, चार बोटांच्या जागी. बायको त्याला कधी धरत नसे. पहिल्या दिवसापासून कडीच धरायची. "तुम्ही बोलायला लागलात की तुमचे हात कुठे जातात तुम्हाला कळत नाही, मला आपली वेगळी सोय बरी," म्हणायची. मेकॅनिकनं तो तुकडा उचलून भंगाराच्या पिंपात टाकला. आवाज झाला. पिंप भरलेलं असावं, कारण आवाज फार खोल गेला नाही.

त्या काळात ती चांगली भरलेली होती. बसली की गाडी तिच्या बाजूला कलायची, ब्रेक दाबला की तिचा सगळा भार त्याच्या पाठीवर येऊन आदळायचा आणि ती खदखदून हसायची. आणि मागून म्हणायची, "मग?" त्याच्या सगळ्या थापा मुळात ह्या एका शब्दावर वाढल्या होत्या. गोदामातली माणसं हसत, टाळ्या देत, पण पुढचं विचारत नसत. ती विचारायची. हेडलाइटच्या काचेत पाणी शिरलं, तो म्हणायचा, आणि त्या पाण्यात कुठून तरी मासा आला. मग? दिवा लावला की त्याची सावली समोरच्या रस्त्यावर पडायची, हत्तीएवढी, शेपूट हलवणारी. समोरून येणारे ट्रक मुकाट्यानं रस्ता सोडायचे. मग? मग काय, मासा माजला. मग? दिवसा दिवा लावा म्हणून हट्ट धरायला लागला. खायचा काय? चिलटं. आणि तिच्या त्या "मग?" बरोबर बोटाच्या पेराचा एक टोला पाठीत, डावीकडे, खांद्याच्या हाडाखाली. ती जागा अजून त्याला नेमकी सापडे. आंघोळ करताना तिथे हात पोचत नसे, पण ती जागा आहे हे कळे.

आजार आल्यावर टोले थांबले. "मग?" राहिलं. हळू झालं, पण राहिलं. उपचार करून निघालं की तिच्या अंगात उभं राहण्यापुरतीच ताकद असे. ती कपाळ त्याच्या पाठीला टेकायची, आणि घरी पोचेपर्यंत शर्टाला तिथे एक ओला गरम ठसा उमटलेला असायचा. केंद्रात एकदा नर्सनं त्याला आत बसू दिलं होतं. रक्त बाहेर फिरताना दिसताच त्यानं नजर छताकडे वळवली आणि माशाची गोष्ट काढली. सगळा वॉर्ड हसला. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा, ज्याला बोलणंही जड जात होतं, तोसुद्धा घशातल्या घशात हसला. नर्स त्याला म्हणाली, काका, तुम्ही रोज येत जा. घरी परतताना ती म्हणाली, "आज तुम्ही मला नव्हता सांगत. त्यांना सांगत होता." तो म्हणाला, एकच गोष्ट आहे. ती म्हणाली, "हो, गोष्ट एकच आहे."

"इकडे या, काका. बसा जरा," मेकॅनिक म्हणाला. सीट जाग्यावर आली होती. पुढे बिजागरी, मागे दोन स्प्रिंगा, आणि मडगार्ड नुसत्या दोन बोल्टांवर लटकवलेलं. चाक आणि मडगार्ड ह्यांच्या मधे मेकॅनिकनं लाकडाची पट्टी सरकवली होती. "तुमच्या वजनानं चाक वर येणार. किती वर येतं त्यावर मडगार्ड किती उंच ठेवायचं ते ठरवतो. कमी पडलं तर खड्ड्यात टायर घासेल, जास्त ठेवलं तर कोंबडीची शेपूट दिसेल. सगळा भार टाका. पाय उचला."

तो बसला. चामडं गार होतं आणि मागच्या बाजूला जरा उचललेलं, एखाद्यानं कमरेला तळहात लावावा तसं. पाठीमागे काही नव्हतं. एवढी वर्षं तिथे काहीतरी होतं; माणूस नसला तरी सीटचा उरलेला अर्धा भाग होता, त्यावर कधी पिशवी, कधी पावाचं पुडकं, कधी ऊन. आता मणक्याच्या शेवटच्या हाडापाशी गाडी संपत होती. त्याला वाटलं आपण मागे पडू. वाटलं, आपण पूर्ण बसलो तर झालं, मग हे आपलंच. त्यानं पाय उचलल्यासारखे केले. बुटांचे चवडे जमिनीला लागलेलेच राहिले, पँटच्या पायघोळ कडेआड, आणि निम्माअधिक भार त्यानं तिथेच धरून ठेवला.

"टाकलंत ना सगळं?"

"टाकलं."

"हलके आहात हो," मेकॅनिक खाली वाकून पट्टी सरकवत म्हणाला. "दिसता त्या मानानं."

वेल्डिंगच्या निळ्या उजेडाकडे बघू नका म्हणून मेकॅनिकनं त्याला पाठमोरं उभं केलं, आणि भिंतीवर आपली सावली लखलखत फुटताना बघत असताना गेल्या आठवड्यातला तो चौक त्याच्यासमोर आला. आला म्हणजे काय, गेलाच नव्हता. केंद्रातून परतत होते. तो सांगत होता की मासा आता म्हातारा झालाय, त्याला चष्मा लागलाय, म्हणून हेडलाइटची काच जाड करून घ्यावी लागणार. चौकात गोल वळण घेताना तो थांबला, तिच्या "मग?" साठी नेहमीची जागा सोडली. काही आलं नाही. पाठीवर कपाळही नव्हतं. कधी उचललं गेलं ते कळलं नव्हतं, कारण आता तिचं कपाळ असण्यात आणि नसण्यात तेवढंच अंतर उरलं होतं. गाडी कुठल्याच बाजूला कलत नव्हती. ती पडली, त्याला वाटलं. वळणावर पडली. मागून गाड्या येतायत. आणि त्यानं मान वळवली नाही. हात तसेच, डोळे पुढे, गती तीच. दुकानं गेली, एक शाळेची भिंत गेली, पूल गेला. पुलावर वारा लागला आणि पाठ गार पडली, आणि त्या गारव्यात अंगभर काहीतरी सैल झालं, पाण्यात उतरल्यावर कपडे अंगापासून सुटतात तसं. किती छान चालतेय गाडी, त्याला वाटलं. हे त्याला वाटलं, दुसऱ्या कोणाला नाही. पुढे पेट्रोल पंप आला. पेट्रोल घ्यायचं नसताना तो तिथे वळला, उभा राहिला, इंजिन बंद केलं आणि तरी पुढेच बघत राहिला, जोवर पंपावरचा माणूस त्याच्या खांद्यावरून बघत म्हणाला, "मावशींना झोप लागली वाटतं." ती मागे होती. दोन्ही हात कडीवर, मान खाली, डोळे मिटलेले.

त्या दिवसापासून तो स्वतःला एक गोष्ट सांगत होता: की ती अशक्त आहे, पडेल, गाडीवरून नेणं धोक्याचं आहे, आणि आपण मान वळवली नाही ते भीतीनं. घाबरलेला माणूस मागे बघत नाही, कोणीही सांगेल. गोष्ट चांगली होती, सगळे सांधे जुळत होते. आजचं "नाही"सुद्धा त्या गोष्टीत बेमालूम बसत होतं. तिला जपायचं म्हणून. फक्त एवढंच की आपल्या कुठल्या गोष्टी बनवलेल्या असतात आणि कुठल्या नसतात, हे त्याला आजवर बिनचूक ठाऊक असे. ह्या एकीचं कळत नव्हतं. उलटून पालटून बघितलं तरी शिवण सापडत नव्हती.

"जुनी सीट नेणार?" मेकॅनिकनं विचारलं.

"राहू दे."

मेकॅनिकनं ती दोन विटांवर ठेवली आणि चहा घेऊन तिच्यावर बसला. पुढच्या भागावर बसला, चालवणाऱ्याच्या जागी. मागचा भाग रिकामा. "चालवून बघा दोन-चार दिवस," तो म्हणाला. "घासलं तर घेऊन या. पण नाही घासणार. तुम्हाला बसवूनच माप घेतलंय."

रस्त्यावर लोक बघत होते. सिग्नलला दोन तरुण पोरांनी अंगठा वर केला. गाडी खरोखरच देखणी झाली होती, एखाद्या जनावरानं अंग चोरून उडी घ्यायच्या आधी दिसावं तशी. पूल आला, तोच वारा लागला. ह्या वेळी काही सैल झालं नाही. पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, ती जागा तेवढी गार पडली आणि तशीच राहिली. पहिल्या मोठ्या खड्ड्यात त्याचा सगळा भार सीटवर आला आणि मागून खर्रकन आवाज झाला, क्षणभर, रबर पत्र्याला लागल्याचा. त्यानं दुर्लक्ष केलं. आणखी एक खड्डा, आणखी एकदा.

ती केंद्राच्या पायरीवर बसली होती, कोपराच्या आत कापूस आणि चिकटपट्टी, मांडीवर पिशवी. सवयीनं त्यानं गाडी पायरीला अगदी लागून उभी केली आणि डावीकडे कलती धरली, तिला चढायला सोपं पडावं म्हणून. गाडी कलली. ती उठली, एक पाऊल पुढे आली आणि थांबली. तो गाडी कलती धरून उभाच होता. सरळ करायचं त्याला सुचलं नाही.

तिनं शिवणीवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कापड घेताना फिरवतात तसं.

"छान झालीय," ती म्हणाली. "अशीच हवी होती तुम्हाला."

"अगं, काय झालं माहितीय का," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला गोदामातल्या आवाजासारखा वाटला, पण आता थांबता येत नव्हतं. "सिग्नलला उभा होतो, तर खालून सीट म्हणाली, जरा उठा. उठलो. म्हणाली, इतकी वर्षं सगळे माझ्यावर बसले, मला कुठे बसायला मिळालंच नाही. आणि उतरली की खाली. चार पावलं गेली आणि बागेतल्या बाकावर जाऊन बसली. ऐसपैस."

त्यानं जागा सोडली. ती चिकटपट्टीचं उचकटलेलं टोक अंगठ्यानं दाबत होती.

"शेजारी एक म्हातारा बसला होता, त्याच्याशी बोलायला लागली," तो म्हणाला. "माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही." पुन्हा जागा सोडली. रस्त्यावरून एक हातगाडी गेली. कोणीतरी कोणालातरी हाक मारली.

"समोरून बस मिळते," ती म्हणाली. "थेट आपल्या कोपऱ्यावर थांबते. नर्सनं सांगितलंय मला, कधीचं. पुढच्या वेळेपासून जाताना-येताना बसनंच जात जाईन."

"रिक्षा करू. मी मागोमाग येतो."

"बस बरी. बसेन आरामात." ती पिशवी खांद्यावर अडकवून दोन पावलं गेली, थांबली, आणि पाठ त्याच्याकडे असतानाच म्हणाली, "त्या दिवशी पंपापर्यंत मी जागीच होते."

त्यानं कलती धरलेली गाडी सरळ केली.

"म्हटलं, बघू या," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडायला लागली. दोन्ही बाजूंना नीट बघून, हळूहळू, एक हात गाड्यांसाठी वर धरून. बस आली. आतल्या कोणीतरी हात देऊन तिला वर घेतलं.

तो बसच्या मागे निघाला. मागच्या रुंद काचेतून तिचं डोकं दिसत होतं, शेवटून दुसऱ्या बाकावर, केस पाठीमागे विस्कटलेले. ते खिडकीकडे वळलं नाही, मागे वळलं नाही. बस थांबली की तो थांबे, सुटली की सुटे. धुराचा भपका तोंडावर येत होता. आपण बोलतोय हे त्याला ओठांवरून कळलं. इंजिनाच्या घरघरीत शब्द ऐकू येत नव्हते. सीट बाकावर बसून राहिली, तो सांगत होता, आणि संध्याकाळ झाली तशी बागवाला आला, म्हणाला, बाग बंद होतेय. गतिरोधक आला, गाडी उसळून खाली बसली आणि मागून, त्यानं जागा सोडली होती नेमकी तिथे, खर्रकन आवाज झाला. ते रबर होतं. सगळा भार टाकला नव्हता म्हणून. टायर असाच झिजत राहील आणि एक दिवस फाटेल, आणि परत गॅरेजात नेली तर तो मेकॅनिक विचारेल की बसवून माप घेतलं होतं ना. हे सगळं त्याला कळत होतं. जळक्या रबराचा वासही येत होता. सीट म्हणाली, तो सांगत गेला, मला न्यायला येणार आहेत. बागवाला म्हणाला, कोण? बस पुढे गेली. पुढच्या खड्ड्यात मागून पुन्हा आवाज आला, आणि मान न वळवता तो पुढचं सांगायला लागला.